लाल नाणं

लग्न होऊन आल्यापासून तिनं स्वतःच्या नखांना क्वचितच रंग लावला असेल, पण नेलपॉलिशच्या बाटल्या तिच्याइतक्या भराभर संपवणारी बाई त्या अख्ख्या गल्लीत नव्हती. सगळा रंग जायचा नाण्यांना.

त्याचं असं होतं. सासरचा कॅफे होता. पुढं दुकान, मागं घर, मधे एक पडदा. दुकानाच्या कोपऱ्यात ज्यूकबॉक्स होता. काचेच्या पोटात तबकड्या, कपाळावर दिवे आणि छातीपाशी नाणं टाकायची फट. घरात त्याला कुणी ज्यूकबॉक्स म्हणत नसे, पेटी म्हणायचे. ही पेटी त्यांची नव्हती, पेटीवाल्याची होती. त्यानं अशा पेट्या ठिकठिकाणच्या दुकानांत ठेवल्या होत्या आणि किल्ल्या स्वतःकडे. पंधरवड्यानं यायचा, पेटीचं पोट उघडायचा, नाणी टेबलावर ओतायचा. निम्मी त्याची, निम्मी दुकानाची. आता गंमत अशी, की मुक्या दुकानात पहिलं नाणं कुणी टाकत नाही. एक गाणं वाजायला लागलं की मग दुसऱ्याचा हात खिशात जातो. म्हणून पहिलं नाणं घरचं टाकायचं. आणि घरच्या नाण्यात पेटीवाल्याचा वाटा कशाला? म्हणून घरच्या नाण्याला एका बाजूनं लाल रंग. टेबलावर ढीग पडला की लाल तेवढी आधी वेचून घ्यायची. पेटीवाल्याची त्याला हरकत नसायची. सगळ्याच दुकानांत हेच चालायचं, कुठं लाल तर कुठं निळी.

रंग देण्याचं काम सासूबाईंकडून तिच्याकडं आलं होतं. नाणं आधी लिंबानं घासून घ्यायचं, एकाच बाजूला एकच हात द्यायचा, तोही पातळ, आणि खडखडीत वाळू द्यायचा. "दुसरा हात दिलास तर पेटीच्या घशात अडकेल," सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. "तुझ्या कॉलेजात शिकवत नाहीत हे, म्हणून सांगते."

कॉलेजवरून बोलायची एकही संधी त्या सोडत नसत. तिला त्या प्रोफेसरीण म्हणायच्या. गल्ल्यावर बसून आल्यागेल्या प्रत्येकाची किंमत करायची त्यांची सवय होती आणि ती नाण्यांतच व्हायची. कुणी बंदा रुपया, कुणी नुसती चिल्लर, कुणी दोन्हीकडून छापा. समोरच्या दुकानातले टेलरकाका म्हणजे गुळगुळीत झालेलं नाणं, जोकही तसेच. आणि स्वतःची सून म्हणजे लाल नाणं. "कुठंही फिरून आली तरी घरातच जमा," असं त्या गिऱ्हाइकांसमोर म्हणायच्या आणि हसायच्या. हे कौतुक की टोमणा, ते तिला लग्नानंतर इतक्या दिवसांतही ठरवता आलं नव्हतं.

त्या दिवशी दुपारी ती मागच्या खोलीत नाणी रंगवत बसली होती. मुलगा शेजारी झोपला होता. तो नुकता चालायला लागला होता. त्याला सगळे बोका म्हणायचे, कारण दूध दिसलं की तो आवाज न करता जवळ यायचा. बोका झोपला की तिला हायसं वाटायला हवं होतं, पण तसं होत नसे. झोपला की ती त्याचा श्वास बघायची, जागा असला की हात बघायची. तिला वाटायचं, घरात सगळ्यांना दोन डोळे आहेत आणि कुणाचेच त्याच्यावर नाहीत.

शेवटच्या नाण्यावर रंग धड बसला नाही. मधेच एक फोड आला आणि खालचा धातू दिसायला लागला. तिनं तसंच सोडायला हवं होतं. पण अर्धवट काही तिला बघवत नसे. तिनं ब्रश पुन्हा बुडवला आणि त्या एका नाण्याला दुसरा हात दिला. मग बाकीच्या नाण्यांबरोबर तेही खिडकीत वर्तमानपत्रावर ठेवलं, बाटलीचं झाकण घट्ट लावलं, बोक्याच्या अंगावरची चादर नीट केली आणि कपडे वाळत घालायला परसात गेली.

परसात उभं राहिलं की दुकानातली पेटी ऐकू यायची. दुपारच्या या वेळेला, गिऱ्हाईक नसताना, रोज एकच गाणं लागायचं:

*खिशामधलं शेवटचं नाणं*
*तुझ्याच नावानं टाकलं गं,*
*पेटी म्हणाली, संपलं गाणं,*
*मन म्हणे, आहे बाकी गं.*

हे टेलरकाकांचं काम असणार, असं ती धरून चालली होती. पेटीत अशी नाण्यांची गाणी बरीच होती. गाण्यात नाणं टाकलं की गेलेला माणूस दारात यायचा, रुसलेली बाई हसायची, विहिरीत टाकलं तर लग्न ठरायचं. आज मात्र गाणं लागलं नाही. तिच्या ते लक्षात आलं आणि तिनं सोडूनही दिलं. लंगोटांना चिमटे लावून ती आत आली.

अंथरुणावर बोका नव्हता.

खिडकीतल्या वर्तमानपत्रावर एक जागा रिकामी होती. नाण्याएवढं लाल वर्तुळ कागदाला चिकटून राहिलं होतं आणि नाणं नव्हतं.

पडदा बाजूला सारून ती दुकानात आली. सासूबाई पेटीजवळून गल्ल्याकडं येत होत्या, बोका त्यांच्या कडेवर. त्याचे ओठ लाल होते.

"आई, याच्या तोंडाला काय लागलंय?"

"जॅम असेल," सासूबाई म्हणाल्या. तिच्याकडं न बघता त्यांनी पदरानं त्याचं तोंड पुसलं.

तिनं त्याला ओढूनच घेतलं. नाक त्याच्या ओठांपाशी नेलं. जॅमचा वास नव्हता. हा नेलपॉलिशचा वास तिनं झोपेतही ओळखला असता. तिनं त्याच्या तोंडात बोट घालून गालाच्या आतून फिरवलं, जिभेखाली पाहिलं. बोक्यानं करकचून चावा घेतला, वर दोन खाली दोन, आणि हसला.

"नाणं गिळलंय यानं," ती म्हणाली.

सासूबाई गल्ल्यावर बसत होत्या. त्यांचा हात खुर्चीच्या पाठीवर जरा थांबला. मग त्या बसल्या. "लावलीस का पुन्हा तबकडी? मुलं रंग चाटतात. चाटला असेल."

"मग नाणं कुठाय?"

"असेल तिथंच कुठंतरी."

ती स्वयंपाकघरात गेली. नवरा ऑम्लेट उलटत होता. दुपारची गर्दी नुकती ओसरली होती आणि त्याचा सदरा पाठीला चिकटला होता.

"अहो, बोक्यानं नाणं गिळलंय."

त्यानं आधी बोक्याकडं पाहिलं. बोक्यानं त्याच्याकडं हात पसरले. "हा?" तो म्हणाला. "अगं, हा तर हसतोय."

"हसला म्हणजे गिळलं नाही?"

"मागं बटण गिळलं होतं. ते माझ्याच सदऱ्यावर निघालं. त्याच्याआधी पेनाचं टोपण."

"टोपण सापडलं नाही अजून."

"अगं पण पोराला काही झालं का?" त्यानं कालथा खाली ठेवला. "तू आधी शोध. मी एवढी ताटली देऊन येतो, मग बघू."

तिनं शोधलं. अंथरूण झटकलं, उशीचा अभ्रा उलटा केला, चपला पालथ्या केल्या, मोरीची जाळी काढून बोटं घातली, केरसुणीच्या काड्या विस्कटल्या. बोक्याला उघडा करून लंगोटही झटकला. खिडकीखाली, खाटेखाली, पाटीखाली, शिलाई मशीनच्या पायडलखाली. टोपण तेवढं सापडलं, खाटेच्या पायाशी. दुसऱ्या कुठल्या दिवशी त्याचा केवढा आनंद झाला असता. आज त्याचा अर्थ एवढाच, की टोपणाच्या वेळी ती चुकली होती, आणि आता कुणीही तिचं ऐकणार नव्हतं.

ती दुकानात आली तेव्हा टेलरकाका पेटीला थोपटत होते.

"वहिनी, तुमची पेटी आज नाणी खातेय," ते सासूबाईंना म्हणाले. "एक टाकलं, गेलं. म्हटलं लाजत असेल, दुसरं टाकलं, तेही गेलं. परत द्यायचं बटण दाबलं तर नुसती ढेकर देते."

"मग कशाला भरवता?" सासूबाई म्हणाल्या.

"माझं तिसरंही आत गेलं हो. आता त्यात जीव गुंतलाय माझा."

एरवी सासूबाईंनी यावर काहीतरी झणझणीत ऐकवलं असतं. आज त्या नुसत्या काउंटर पुसत राहिल्या. एकच जागा. टेलरकाकांचा जोक अधांतरी राहिला, आणि तेच ओशाळून खुर्चीत बसले.

तिनं काउंटरवरचा फोन ओढला आणि दवाखान्यात लावला. डॉक्टर संध्याकाळी येणार होते. नर्सनं विचारलं, लाळ गळतेय का, खोकतोय का, श्वास घ्यायला त्रास होतोय का. ती प्रत्येक प्रश्नाला बोक्याकडं बघून नाही, नाही म्हणत गेली, आणि प्रत्येक नाहीबरोबर तिची खात्री वाढत गेली. कारण नर्सच्या आवाजात गंमत नव्हती. "काही खायला देऊ नका," नर्स म्हणाली. "मोठ्या हॉस्पिटलात नेऊन फोटो काढून घ्या. कुठं अडकलंय ते फोटोत दिसतं."

"कुठं अडकलंय ते," तिनं फोन ठेवत स्वतःशीच म्हटलं. मोठं हॉस्पिटल नदीच्या पलीकडं होतं.

वळून बघते तर सासूबाई बोक्याला केळं भरवत होत्या. काउंटरवर आणखी एका केळ्याचं साल पडलं होतं.

"आई, काय करताय?" तिनं केळं हिसकावलंच. "काही देऊ नका म्हणालेत."

एरवी सासूबाईंच्या हातातून कुणी काही हिसकावून घेतलं नसतं आणि घेतलं असतं तर सहजी सुटलं नसतं. पण त्यांनी हात तसाच हवेत धरला. बोटांना केळं लागलं होतं. "का?" त्या म्हणाल्या. "केळ्यानं खाली सरकतं ना? आमच्या वेळी केळंच द्यायचे."

"काय खाली सरकतं?"

"काही नाही. म्हणजे तू म्हणतेस ते."

तिला ते तेव्हा नुसतं टोचलं. थट्टा चालली आहे असंच तिला वाटलं. आधी तबकडी म्हणायचं, मग केळी भरवायची. ती स्वयंपाकघरात गेली आणि नवऱ्याला म्हणाली, "मी हॉस्पिटलात जाते. तुम्ही यायचं तर या."

नवऱ्यानं तिचा चेहरा पाहिला आणि गॅस बंद केला. "थांब. पायी कशी जाशील? मी पेटीवाल्याला फोन केलाय, पेटी बिघडली म्हणून. निघालाच आहे. त्याची गाडी आहे. त्याच्याबरोबर सगळेच जाऊ."

"आणि तो आधी पेटी उघडत बसला तर?"

"मी सांगतो ना त्याला."

थांबणं म्हणजे तिला शिक्षा होती. तिनं पिशवी भरली. लंगोट, पाण्याची बाटली, झबलं, पुन्हा लंगोट. बोक्याला खांद्यावर घेऊन ती दुकानात येरझारा घालू लागली, पेटीपासून दारापर्यंत आणि दारापासून पेटीपर्यंत. त्याच्या छातीला कान लावायची. आत काहीतरी खुळखुळतंय असा भास व्हायचा आणि ते तिच्याच बांगडीचं असायचं. नाणं आडवं गेलं असेल की उभं? उभं गेलं असेल तर रंग सुटेल. रंग पोटात गेला तर? बाटलीवर काय लिहिलंय ते तिनं कधी वाचलंच नव्हतं. एवढं शिकून बाटलीवरचं वाचलं नव्हतं.

आणि अशा येरझारा घालताना, बघायचं नसतानाही, तिला सासूबाई दिसत राहिल्या. बघायची तिला सवयच होती. एका माणसानं चहाचे पैसे दिले. सासूबाईंनी त्याला सुट्टे दिले आणि त्यानं तळहात पाहून त्यातलं निम्मं परत केलं. "आजी, जास्त आलं." सासूबाई त्याच्याकडं अशा बघत राहिल्या की जणू तो दुसऱ्याच भाषेत बोलला. सुट्ट्यांच्या बाबतीत आपली सासू कधी चुकत नाही, हे गल्लीतल्या कुत्र्यालाही माहीत होतं. मग त्यांनी गल्ला उघडला, बंद केला. पुन्हा उघडला. आणि त्या पेटीकडं एकदाही बघत नव्हत्या. टेलरकाका पेटीबद्दल काही बोलले की त्या दाराकडं मान वळवायच्या.

सासूबाईंचं आज काहीतरी बिनसलंय, एवढं तिला कळलं. त्यापुढं विचार करायला डोकं जागेवर नव्हतं.

पेटीवाल्याची गाडी दारात थांबली. पेटीवाला म्हणजे ढेरपोट्या, बोलघेवडा माणूस. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, चालताना घुंगरं वाजावीत तसा वाजायचा. "काय म्हणते आमची लेक?" असं म्हणत तो सरळ पेटीपाशी गेला. लेक म्हणजे पेटी.

"काका, पेटी नंतर," नवरा म्हणाला. "आधी जरा हॉस्पिटलात सोडा आम्हाला. बोक्यानं नाणं गिळलंय असं हिला वाटतंय."

'असं हिला वाटतंय' हे शब्द तिच्या कानात घुसले.

"नाणं ना?" पेटीवाला म्हणाला. "आमच्या मोठ्यानं चावी गिळली होती. दोन दिवसांनी आली बाहेर, कुलूपसुद्धा लागलं तिनं." टेलरकाका हसले. "तुम्ही घाबरू नका ताई. पाचच मिनिटं, लेकीचा घसा मोकळा करतो, मग आरामात जाऊ."

"पाच मिनिटं नाही," ती म्हणाली. पण ते कुणाला ऐकूच गेलं नाही. नवऱ्यानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. पेटीवाल्यानं जुडग्यातली किल्ली निवडायला घेतली.

"पेटी गेली खड्ड्यात," सासूबाई म्हणाल्या.

सगळ्यांनी वळून पाहिलं. त्या उभ्या राहिल्या होत्या. गल्ल्याची किल्ली त्यांच्या कमरेला असायची आणि दुकान उघडं असताना ती कधी सुटली नव्हती. ती त्यांनी काढली आणि मुलाच्या हातात दिली. "तू दुकान बघ. गाडी काढा हो तुम्ही. मी जाते हिच्याबरोबर."

"आई, मी जातो ना."

"मी जाते म्हटलं ना."

पेटीवाला मुकाट्यानं बाहेर गेला.

गाडीत पुढं पेटीवाला, मागं त्या दोघी आणि मधे बोका. पायांशी तबकड्यांची खोकी. गाडी कोपऱ्यापर्यंत गेली. सासूबाईंनी बोक्याचा पाय मुठीत धरला होता, पाऊल अख्खं आत मावलं होतं.

"ते तू ठेवलेलं वाळलंय असं वाटलं मला," त्या म्हणाल्या.

तिला आधी कळलंच नाही.

"तू परसात होतीस. हा उठला, रडायला लागला. उचलला. म्हटलं, चल, गाणं लावू. रोज लावतो आम्ही. तू कपडे घालतेस तेव्हा. हा नाणं टाकतो, मी बटण दाबते." त्या समोर बघून बोलत होत्या, पेटीवाल्याच्या मानेकडं. "आज खिडकीतलं एक घेऊन मीच याच्या हातात दिलं. याला फटीपाशी धरला. मला चष्म्याशिवाय ते आकडे दिसत नाहीत, म्हणून वाकले. बटण दाबलं. गाणं लागलं नाही. बघते तर याच्या हातात नाणं नाही आणि तोंड लाल."

बोका खोक्याचा कोपरा ओरबाडत होता.

"आणि तुम्ही जॅम म्हणालात," ती म्हणाली.

"म्हणाले." सासूबाईंचा आवाज बारीक झाला. "तू समोर आलीस तशी. आणि मग एकदा म्हटल्यावर मागं कसं घेऊ? तुला किती वेळा हसले मी. बटणाला हसले, टोपणाला हसले. म्हटलं केळ्यानं जाईल खाली. देवा, जाऊ दे खाली, म्हटलं."

तिला राग यायला हवा होता. आलाही. दुपारपासून ती एकटीच वेडी ठरली होती आणि हिला सगळं माहीत होतं. पण रागाच्या खाली आणखी काहीतरी हललं. सबंध दुपार त्या घरात दोन बायका एकाच गोष्टीला घाबरल्या होत्या, एक चालत आणि एक बसून.

गाडी हळू झाली. पेटीवाल्यानं आरशात पाहिलं.

"आजी, एक विचारू? पोराला फटीपाशी धरला होता?"

"हो."

"आणि तेव्हापासून पेटी बंद?"

सासूबाई पुढच्या सीटकडं वाकल्या.

"नाणी कशानं रंगवता तुम्ही? नेलपॉलिशच ना?" आता तो तिला विचारत होता. "ओलं होतं का ते?"

"त्याला," ती म्हणाली आणि थांबली. "त्या एकाला मी दोन हात दिले होते."

पेटीवाल्यानं गाडी कडेला घेतली. किल्ल्या खळखळल्या. "आता तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल तसं. सरळ गेलो तर हॉस्पिटल. फिरवली तर कुलूप उघडायला किती वेळ लागतो, तुम्हाला माहीत आहे."

तिनं सासूबाईंकडं पाहिलं. त्या म्हणाल्या, "मला विचारू नको. आज मला काही विचारू नको. तू ठरव."

त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा तिला कुणी काही ठरवायला सांगितलं होतं आणि नेमकं हे. समोर नदीचा पूल दिसत होता. सरळ गेलं तर फोटो. फोटोत नाणं दिसलं तर दिसलं. पण ते पेटीत असलं तर? आणि पेटीत नसलं तर हा वेळ फुकट गेला. बोक्यानं खोक्याचा कागद फाडून तोंडात घातला. तिनं न बघताच बोट घालून तो काढला. त्यानं बोट चावलं. गिळत होता, चावत होता, श्वास घेत होता.

"फिरवा," ती म्हणाली. "पण दारात उभी केल्यावर इंजिन बंद करायचं नाही."

गाडी दारात थांबली, इंजिन घुरघुरत राहिलं. नवरा काउंटरमागून धावत आला. "काय झालं?" पेटीवाल्यानं पेटीचं पोट उघडलं, आत हात घातला, मग टॉर्च मागितला. टेलरकाकांनी तो धरला. त्यांना जोक सुचत नव्हता. पेटीवाल्यानं स्क्रू सोडवून नाण्यांची पन्हळ बाहेर काढली, पत्र्याची, हातभर लांब, आणि ती उजेडात तिरकी केली. त्यात टेलरकाकांची नाणी एकावर एक रांगेत उभी होती. सगळ्यांच्या पुढं, पत्र्याला चिकटून, लाल.

स्क्रूड्रायव्हरनं त्यानं ते उपटलं. उपटताना कच्च आवाज आला. "हे बघा. घशातच बसलंय. दोन हात दिलेत, रंग ओला, वर लाळ. गोंदच झाला त्याचा."

नवऱ्यानं सुस्कारा सोडला. टेलरकाका म्हणाले, "माझं सोळा आणे बरोबर होतं. पेटीच खात होती."

सासूबाई मात्र हलल्या नाहीत. "हे तेच कशावरून?" त्या म्हणाल्या. "आत लाल नाणी कमी आहेत का? कालचं असेल. परवाचं असेल. चला, फोटो काढून येऊ."

आता तिला हसू यायला लागलं. ही तर तिचीच भाषा होती. तिनं पेटीवाल्याच्या हातातून नाणं घेतलं आणि दाराच्या उजेडात नेलं. रंग एका बाजूला पत्र्यानं खरवडला होता. पण कडेला, जिथं तो जाड होता, दोन बारीक खळगे होते, शेजारी शेजारी. उलटून पाहिलं. दुसऱ्या बाजूला रंग नव्हता, पण पुसटशा लाल दोन रेघा होत्या, लाळेत ओघळलेल्या. वर दोन, खाली दोन.

तिनं सासूबाईंचा चष्मा काउंटरवरून उचलून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो लावला. नाणं डोळ्याशी धरून बराच वेळ बघितलं. मग बोक्याचा खालचा ओठ अंगठ्यानं खाली ओढून ते दोन दात बघितले. मग पुन्हा नाणं. मग त्या टेलरकाकांच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या. अशा बसल्या की टेलरकाकांनी पाण्याचा ग्लास त्यांच्याकडं सरकवला.

"चावला," त्या म्हणाल्या. "चावून मग टाकलं. शहाणा आहे माझा बोका."

पेटीवाल्यानं पन्हळ बसवली, दार लावलं. मागं अडकलेली नाणी एकामागून एक आत पडल्याचा आवाज आला आणि पेटीच्या कपाळावरचे दिवे लागले. गाणं निवडायची वाट बघत पेटी गुणगुणत राहिली. टेलरकाका उठणार होते, पण ती आधी पोचली. बोका कडेवरच होता.

"आई, तुमचा आकडा कुठला?"

"माझा कसला आकडा?" सासूबाई म्हणाल्या. "लावा कुणाला काय लावायचं ते."

"मग रोज दुपारी परसात मला काय ऐकू येतं?"

सासूबाई पाणी प्यायल्या. ग्लास खाली ठेवला. "वरून तिसरी ओळ," त्या म्हणाल्या. "डावीकडचं."

तिनं बोक्याचं बोट धरून ते बटण दाबलं. आत तबकडी सरकली, सुई टेकली, थोडी खरखर झाली आणि खिशामधलं शेवटचं नाणं सुरू झालं. नवरा गल्ल्याची किल्ली आईला द्यायला गेला, तर त्यांनी हातानंच थांब म्हटलं. गाणं संपेपर्यंत ती किल्ली त्याच्याच हातात राहिली.

ती मात्र बसली नाही. गाण्याबरोबर बोक्याला डोलवत ती पेटीपासून दारापर्यंत आणि दारापासून पेटीपर्यंत फिरत राहिली. एक नाणं सापडलं होतं. पण टोपण किती दिवसांनी सापडलं होतं आणि खाटेखाली अजून काय काय असेल, ते उद्या बघायला हवं होतं. रंगाच्या बाटलीवरचं वाचायला हवं होतं. वाळवायची जागा उंचावर हवी होती. दारात गाडीचं इंजिन घुरघुरतच होतं.

"ताई," पेटीवाला दारातून म्हणाला. "आता तरी बंद करू का?"

तिनं बोक्याच्या तोंडात पुन्हा एकदा बोट फिरवलं. सासूबाई खुर्चीतून तिच्याकडंच बघत होत्या. हसत नव्हत्या.

"थांबा जरा," त्या पेटीवाल्याला म्हणाल्या. "बघू दे तिला."